उन्हाळी शिबिरे व कोल्हापूर

ज्युबिलीच्या स्मरणिकेत कशाचा इतिहास यावा, ह्याविषयी एक ठराविक समजूत असते. देवळाची कोनशिला केव्हा बसली, घंटा कोणी अर्पण केली, कोणते फादर किती वर्षे येथे होते, वेदी नवी केव्हा झाली, ह्या गोष्टी यथास्थित नोंदविल्या म्हणजे धर्मग्रामाचा इतिहास पुरा झाला असे आपण मानतो. त्या नोंदी आवश्यक आहेत आणि ह्या पुस्तिकेत त्यांस योग्य ते स्थान मिळालेही आहे. आम्ही मात्र ह्या लेखात अशा एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, की जिची कोनशिला कोठेही बसलेली नाही. उन्हाळ्याच्या सुटीत देवळाच्या आवारात मुलांचे जे शिबिर भरते, तीच ती गोष्ट होय.

हा विषय घेण्यास एक कारण घडले. यंदा शिबिराची नावे लिहून घेण्यास आम्ही बसलो असता एका पालकांनी विचारले, ''ह्या पंधरा दिवसांत मुलाच्या पदरात काय पडते, ते एकदा सांगा.'' त्यांच्या मुलाचे दहावीचे वर्ष. पुढे प्रवेशपरीक्षा, सुटीतले शिकवणीचे वर्ग ठरलेले, त्यांची फी भरलेली. प्रश्न विचारताना त्यांच्या स्वरात राग नव्हता, उपहासही नव्हता. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. गाणी शिकतो, प्रार्थना शिकतो, चार मित्र मिळतात, असे काहीसे आम्ही बोललो. परंतु ते उत्तर आमचे आम्हांसच अपुरे वाटले. पुढे विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागेल, आणि त्या इतिहासाचे दोन धागे, नवल वाटेल, पण खुद्द आमच्या कोल्हापुरातून गेलेले आहेत.

तरुणांस घराबाहेर नेऊन, त्यांच्यासमवेत चालून, जेवून, खेळून त्यांस देवाची ओळख करून देणे, ही कल्पना ख्रिस्तसभेत नवी नाही. सोळाव्या शतकात रोम शहरी संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) होऊन गेले. कार्निव्हलच्या दिवसांत शहरभर जो बेबंद धुडगूस चाले, त्यापासून तरुणांस नुसता उपदेश करून परावृत्त करता येणार नाही हे त्यांनी ओळखले. म्हणून ते तरुणांस संगती घेऊन रोममधील सात पुरातन देवळांच्या यात्रेस निघत. वाटेत एखाद्या बागेत सर्वांनी बसावे, बरोबरचे अन्न वाटून खावे, वाद्ये वाजवावी, गीते गावी आणि पुढे चालू लागावे, असा तो क्रम असे. भक्ती आणि आनंद ह्या दोन वेगळ्या पंगती नव्हेत, एकाच पानावरचे ते दोन पदार्थ होत, हे त्या संताने चालता चालता शिकविले.

तीनशे वर्षांनी इटलीतच संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) ह्यांनी हीच वाट अधिक रुंद केली. तूरिन शहरात कारखान्यांतून व बांधकामांवर राबणारी, आईबापांवाचून वाढणारी मुले त्यांनी जवळ केली. दरवर्षी शरद ऋतूत, रोझरीच्या सणाच्या सुमारास, ते ह्या मुलांस आपल्या बेक्की ह्या जन्मगावी घेऊन जात. पुढे ह्या सहली लांबत गेल्या. मुलांचा बँड वाजत आहे, गावोगावी मुक्काम पडत आहे, संध्याकाळी मुले नाटक करून दाखवीत आहेत, सकाळी मिस्सा होत आहे, असा हा मेळा डोंगराडोंगरांतून जात असे. १८६४ साली ह्या मोठ्या सहलींतील शेवटची निघाली. त्या सहलीत मोर्नेझे नावाच्या खेड्यात मुक्काम पडला आणि तेथे मारिया माझारेल्लो ह्या तरुणीची व डॉन बॉस्को ह्यांची भेट झाली. ह्या भेटीतूनच पुढे १८७२ साली सालेशियन भगिनींचा संघ उभा राहिला आणि खंडोपखंडी मुलींच्या शाळा निघाल्या. १८६४ च्या त्या मुक्कामी कोणी डॉन बॉस्कोंस विचारले असते, की ह्या सहलीत पदरात काय पडले, तर त्यांस तरी काय सांगता आले असते? मुले दमली, जोडे झिजले, लोकांनी प्रेमाने जेवू घातले, एवढेच!

आता आपण कोल्हापुराकडे वळू. आमच्या शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. ते ज्यांचे स्मारक आहे, ते रॉयल गुल्ड वायल्डर हे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी १८४६ साली प्रथम अहमदनगरास आले व १८५२ साली कोल्हापुरास येऊन त्यांनी येथे काम आरंभिले. त्यांचा पुत्र रॉबर्ट ह्याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. ते आमच्या पंथाचे नव्हेत, म्हणून एके काळी अशा पुस्तिकेत त्यांचे नावही आले नसते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला आणि विभक्त बांधवांमध्ये जे जे चांगले आहे, ते ते देवाचे देणे म्हणून आदराने ओळखण्यास आपणांस शिकविले. त्या शिकवणीस अनुसरून ही हकीकत येथे देत आहो.

प्रकृती ढासळल्यामुळे वडील वायल्डर सहकुटुंब अमेरिकेस परतले व प्रिन्स्टन येथे राहिले. कोल्हापुरात बाळपण घालविलेला रॉबर्ट तेथील कॉलेजात शिकू लागला. त्याने व त्याच्या काही सोबत्यांनी १८८३ साली वडिलांच्या घरी एक लहानशी मंडळी स्थापिली. परदेशी मिशनकार्यास तरुण मिळावेत म्हणून हे विद्यार्थी प्रार्थनेस जमत. रॉबर्टची बहीण ग्रेस हीही ह्या प्रार्थनेत मनोभावे सामील होती. येणेप्रमाणे तीन वर्षे गेली. १८८६ च्या जुलै महिन्यात ड्वाइट मूडी ह्या प्रसिद्ध उपदेशकांनी मॅसेच्युसेट्स प्रांतातील माउंट हर्मन येथे, मुलांच्या एका शाळेच्या आवारात, कॉलेजातील विद्यार्थ्यांचे उन्हाळी संमेलन भरविले. शाळेस सुटी असल्यामुळे खोल्या रिकाम्या होत्या. ८९ कॉलेजांतून २५१ विद्यार्थी आले व जवळजवळ चार आठवडे राहिले. सकाळी शास्त्राभ्यास व व्याख्याने, दुपारी नदीत पोहणे व मैदानी खेळ, संध्याकाळी टेकडीवर प्रार्थना, असा दिनक्रम होता. आजच्या कोणत्याही शिबिराचे वेळापत्रक काढून पाहावे. त्याचा साचा हाच आढळेल.

संमेलन सुरू झाले तेव्हा परदेशी मिशनकार्याचा विचार असलेले विद्यार्थी वीस-एकवीसच होते. रॉबर्ट वायल्डर एकेकास गाठून बोलत राहिला. संमेलन संपले तेव्हा ही संख्या बरोबर शंभर झाली होती. पुढील वर्षभर तो व त्याचा एक मित्र कॉलेजामागून कॉलेजे हिंडले, आणि सुमारे दोन हजार तरुणांनी संकल्पपत्रावर सह्या केल्या. १८८८ साली ह्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ विधिपूर्वक स्थापन झाली. माउंट हर्मनच्या त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट हाही होता. त्यांसच पुढे १९४६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४५ पर्यंतच्या काळात ह्या चळवळीतून वीस हजारांवर तरुण देशोदेशी गेले, असा हिशेब तिचे इतिहासकार देतात. एका उन्हाळी संमेलनाची ही करणी, आणि तिच्या मुळाशी कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण!

येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. माउंट हर्मनचे संमेलन संपून जेमतेम एक महिना झाला होता, तोच १ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ ह्यांनी हिंदुस्थानातील कॅथलिक धर्माधिकारव्यवस्था स्थापन केली व पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कोल्हापूर पुढे २००५ पर्यंत ह्याच धर्मप्रांतात होते, आणि त्या वर्षी सिंधुदुर्ग धर्मप्रांत निर्माण झाल्यावर आपण त्यात आलो.

परंतु वायल्डरची कथा केवळ गौरवापुरती सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ह्या चळवळीचे ब्रीद असे होते, की ह्याच एका पिढीत साऱ्या जगास सुवार्ता पोहोचवावयाची. ती पिढी गेली, आणि ते घडले नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ज्या राष्ट्रांतून उपदेशक निघत होते, तीच राष्ट्रे परस्परांच्या तरुणांस खंदकांत मारू लागली. चळवळीस पुढे ओहोटी लागली. सह्यांची संख्या मोजता येते, सही करणाराच्या मनाची खोली मोजता येत नाही, हा ह्यातील धडा आहे. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती भारावून हात वर करणारी मुले आम्हीही पाहिली आहेत. जून महिन्यात शाळा उघडतात, आणि त्यांतील कित्येक हात पुन्हा देवळात जोडलेले दिसत नाहीत. मग वायल्डरच्या आयुष्यात टिकले ते काय? टिकली ती आधीच्या तीन वर्षांची प्रार्थना, आणि त्याहून आधीचे कोल्हापुरातील बाळपण, ज्यात आईबापांचे जिणे त्याने जवळून पाहिले होते. तो स्वतः पुढे हिंदुस्थानात परत येऊन विद्यार्थ्यांत काम करीत राहिला. १९३८ साली त्याचे निधन झाले. सारांश, शिबिराने बी पेरले असे आपण म्हणतो ते तितकेसे खरे नव्हे. बी बहुधा घरीच पडलेले असते. शिबिर हा त्यावरचा वळीव.

आता दुसरा धागा. तो आम्हां कॅथलिकांस अधिक जवळचा असून विसाव्या शतकाच्या ऐन दुःखातून आलेला आहे. त्याच्या आधी बालवीर चळवळीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०७ साली बेडन-पॉवेल ह्यांनी इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर वीस मुलांची तंबूतील छावणी भरविली, आणि तीतून जगभर पसरलेली स्काउट चळवळ जन्मली. तीत धर्माचे स्थान काय, अशी शंका आरंभी पुष्कळ कॅथलिकांस होती. फ्रान्समधील जेझुइट फादर जॅक सेव्हँ ह्यांनी ही पद्धती बारकाईने अभ्यासिली, तीत आणि ख्रिस्ती जीवनात विरोध नाही असे दाखविले, आणि १९२० साली फ्रेंच कॅथलिक बालवीर संघ स्थापण्यात पुढाकार घेतला. पोलंडमध्ये तर ही चळवळ राष्ट्राच्या व धर्माच्या जीवनात पार मुरून गेली. तेथील बालवीर परस्परांस भेटताना 'जागा राहा' ह्या अर्थाचा शब्द उच्चारतात.

हाच शब्द १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरच्या वेशीपाशी रोज ऐकू येत होता. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांस १९४०-४१ मध्ये घरांतून उपटून सायबेरियाकडे व मध्य आशियात नेले. त्यांतून सुटलेले लोक इराणमार्गे निरनिराळ्या देशांत गेले. नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांस आश्रय दिला, हे सर्वश्रुत आहे. त्याहून पुष्कळ मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत वळिवडे येथे उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश लोक तेथे राहिले. त्यांत बहुसंख्या स्त्रियांची व मुलांची होती, आणि जवळजवळ सारेच कॅथलिक होते. १९४६ साली बालाचडीची मुलेही येथे आली. हिंदुस्थानच्या फाळणीनंतर ह्याच जागी सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर झाले. कापडखरेदीस आपण तेथे जातो, तेव्हा पायाखालच्या ह्या इतिहासाची आपणांस आठवणही नसते.

वळिवड्याच्या बराकींत देऊळ होते, शाळा होत्या, रंगभूमी होती आणि बालवीर-वीरबालांची पथकेही होती. ह्या पथकांचे नेतृत्व ज्यांनी केले, त्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की नावाचे एक तरुण सैनिक अधिकारी होते. १९४० च्या वसंतात सोव्हिएत सत्तेने कातीन व इतरत्र सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांची हत्या केली. त्यांत सैनिक अधिकारी फार होते. पेश्कोव्स्की ज्या कोझेल्स्क येथील बंदिछावणीत होते, तेथील बहुतेक सोबती त्या हत्याकांडात गेले. ते स्वतः वाचले. आणि तोच माणूस काही वर्षांनी कोल्हापूरच्या उन्हात मुलांस गाठी मारावयास, गीते गावयास व सायंप्रार्थना करावयास शिकवीत होता. पुढे १९५४ साली अमेरिकेत त्यांस गुरुदीक्षा मिळाली. कातीनमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि मारणाऱ्यांसाठीही क्षमा, हे त्यांनी आपले जीवितकार्य केले. २००७ साली ते निवर्तले.

'कॅम्प' हा एकच शब्द किती भिन्न स्थळांस लावला जातो पाहा! कोझेल्स्क हाही कॅम्प, वळिवडे हाही कॅम्प, आणि आमच्या देवळाच्या आवारात सतरंज्या पसरून भरतो तोही कॅम्प. पहिल्यात माणसास मोजून कोंडले होते. दुसऱ्यात बेघरांस छप्पर मिळाले होते, परंतु परतावयास घर राहिले होते किंवा नाही हे कोणास ठाऊक नव्हते. त्या दुसऱ्या कॅम्पातील मुले निराशेने कोमेजली नाहीत, ह्याचे कारण आम्हांस असे दिसते, की त्यांच्या दिवसास आकार देणारी व त्यांच्याबरोबर राहणारी मोठी माणसे तेथे होती. सकाळची घंटा, शाळा, खेळ, माळेची प्रार्थना, हे सर्व रोजचे होते आणि एकट्याचे नव्हते. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्मारकस्तंभ आहे, आणि शहरात त्यांची दफनभूमीही आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर-वळिवडे स्मारकास पुष्पचक्र वाहिले, तेव्हा आमच्या शहराचे नाव तिकडे किती प्रेमाने जपले आहे हे पुष्कळांस प्रथमच कळले.

वळिवड्याची मुले ज्या पोलंडास मुकली, त्या पोलंडमध्ये युद्धानंतर साम्यवादी राजवट आली. धर्मगुरूंनी तरुणांचे संघ चालवू नयेत, त्यांस सहलीस नेऊ नये, असा निर्बंध पडला. तेव्हा क्राकुव्ह येथील कारोल व्होयतिवा नावाचे एक तरुण फादर साधे कपडे घालून विद्यार्थ्यांबरोबर डोंगरांत व नद्यांवर जाऊ लागले. कोणास संशय येऊ नये म्हणून विद्यार्थी त्यांस 'मामा' म्हणत. नदीकाठी होडी पालथी घालावी, तीच वेदी करावी आणि मिस्सा अर्पावी, असा प्रघात होता. १९५८ च्या जुलैत ते असेच होड्यांच्या सहलीवर असता त्यांस बिशप नेमल्याचे बोलावणे आले. ते वॉर्सास गेले, नेमणूक स्वीकारली आणि परत येऊन विद्यार्थ्यांस मिळाले. हेच पुढे १९७८ साली पोप दुसरे जॉन पॉल झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये, आमच्या पुणे धर्मप्रांताच्या शताब्दीच्या वर्षी, ते पुण्यास आले होते. त्याच वर्षापासून त्यांनी जागतिक युवादिन सुरू केला. १९९५ साली मनिला येथील युवादिनास जमलेल्या लाखोंच्या समुदायाचे वर्णन आपण वाचतो. परंतु त्याचे मूळ नदीवरच्या त्या मूठभर होड्यांत आहे, हे विसरता कामा नये.

त्याच देशात फादर फ्रांचिशेक ब्लाख्निट्स्की ह्यांनी १९५४ साली वेदीसेवक मुलांसाठी उन्हाळी साधना-शिबिर आरंभिले व त्यास पुढे 'ओअॅसिस', म्हणजे वाळवंटातील हिरवळ, असे नाव पडले. हे शिबिर पंधरा दिवसांचे असते. रोझरीची पारंपरिक रहस्ये पंधरा. एकेका दिवसास एकेक रहस्य. मंगलवार्तेपासून स्वर्गराणीच्या मुकुटापर्यंत मुले जणू ख्रिस्ताचे चरित्र पंधरा दिवसांत जगतात. आमचेही शिबिर पंधरा दिवसांचे असावे हा केवळ योगायोग आहे; परंतु ही योजना आम्हांस फार मनोज्ञ वाटते.

आमच्या महाराष्ट्रात शिबिरास उन्हाळाच का सोयीचा पडला, ह्याचे कारण ऋतूतच आहे. उन्हाळ्यात जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असतात. रबीचे पीक घरात आलेले असते व मृगाची पेरणी पुढे असते, म्हणून शेतकऱ्याच्या मुलास तेवढीच उसंत. १९१० साली पोप दहावे पायस ह्यांनी मुलांस कळू लागल्यावर, म्हणजे सातव्या वर्षाच्या सुमारास, पहिले कम्युनियन द्यावे असा आदेश काढला. ज्या धर्मग्रामाच्या वस्त्या दूर दूर विखुरल्या आहेत व जेथे फादर महिन्या-दोन महिन्यांनी पोहोचतात, तेथे इतक्या लहान मुलांची तयारी करावयाची तर त्यांस सुटीत एकत्र आणून ठेवण्यासारखा दुसरा सोपा उपाय नाही.

एकत्र राहण्याने काय होते, हे कोल्हापुरास कोणी परक्याने शिकवावे असेही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून आरंभ करून एकामागून एक समाजांची वसतिगृहे उभी केली, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले, आणि कोल्हापूर ही विद्यार्थी-वसतिगृहांची जननी ठरली. पुस्तक घरीही वाचता येते. परंतु कोणाशेजारी बसून जेवावे, कोणाच्या आजारात जागावे, हे एका छपराखाली राहिल्यावाचून अंगी बाणत नाही.

ह्या कसोटीवर आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहो, तेही येथे लिहून ठेवतो. कारण ज्युबिलीत केवळ यशच सांगावे असा नियम नाही. एका वर्षी शिबिर अधिक 'उपयुक्त' करावे ह्या हेतूने आम्ही त्याची शाळा करून टाकली. तासामागून तास, वह्या, शेवटी लेखी परीक्षा आणि बक्षिसे. पुष्कळसे शिक्षण इंग्रजीत. शहरातील मुलांनी बक्षिसे नेली. वाड्यावस्त्यांवरची मुले मागच्या सतरंजीवर गप्प बसून राहिली. पुढल्या वर्षी त्यांतील एकही आले नाही. चौकशीस गेलो तेव्हा एका आजीबाई म्हणाल्या, ''परीक्षा द्यायला शाळा हाय की, फादर. पोरगं देवाघरी पन नापास व्हतंय म्हणतंय.'' ते वाक्य ऐकून आम्ही खाली मान घालून परतलो. त्यानंतर परीक्षा बंद झाली. शिबिराची भाषा मराठी झाली. पंगतीत शहरचा एक व वस्तीवरचा एक, असे आळीपाळीने बसविण्याचा पाठ पडला. भांडी घासण्याची पाळी सर्वांस सारखी. गोव्याकडची, मंगळुराकडची, केरळातली व इथल्या मातीतली कुटुंबे ज्या धर्मग्रामात एकत्र येतात, तेथे मोठी माणसे मिस्सा संपल्यावर आपापल्या गटात उभी राहून बोलतात. मुले मात्र आता तशी उभी राहत नाहीत. एवढी एक गोष्ट शिबिराने खात्रीने केली आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या कानांवर घातली पाहिजे. मूल आमच्या स्वाधीन करणे हा मोठा विश्वास आहे, आणि ख्रिस्तसभेत काही ठिकाणी ह्या विश्वासाचा घात झाला, हे जगापासून लपलेले नाही. २०१२ साली आपल्या देशात बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा झाला, आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी सर्व ख्रिस्तसभेस ह्याविषयी कडक नियम घालून दिले. म्हणून शिबिरात मुलांमुलींची निजण्याची व्यवस्था वेगळी असते, कोणाही प्रौढाने एकट्या मुलास बंद खोलीत घेऊन बसू नये असा नियम असतो, आणि पालकांस कोणत्याही वेळी येऊन पाहण्यास मुभा असते. ह्यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. जिवापाड ठेव सांभाळावयाची ती अशीच सांभाळावी लागते.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. पंधरा दिवसांत पदरात काय पडते? इतिहास चाळून आम्ही ह्या निर्णयाप्रत आलो आहो, की शेवटच्या दिवशी पदर झाडून पाहिला तर फारसे काही दिसणार नाही. मोर्नेझेच्या मुक्कामी दिसले नव्हते, होड्यांच्या सहलीत दिसले नव्हते. माउंट हर्मनला शंभर हात दिसले. परंतु टिकाऊ होते ते हात मोजण्यापूर्वीचे. शिबिर मुलास एवढेच दाखविते, की देवाचे नाव घेऊन एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत जगता येतो, आणि तो इतरांबरोबर जगता येतो. प्रभू येशूनेही आपल्या शिष्यांस शाळेत बसविले नाही. त्यांस बरोबर घेऊन तो गावोगाव चालला, सरोवराच्या काठी त्यांच्याबरोबर त्याने मासे भाजून खाल्ले. तीन वर्षांनंतर, त्याच्या अटकेच्या रात्री, त्यांच्या पदरात काय पडले होते? सारे पळून गेले. तरी तेच पुढे उभे राहिले.

एक मुलगा आम्हांस आठवतो. शिबिरात तो ना धड गायचा, ना प्रश्नास उत्तर द्यायचा. सायंप्रार्थनेत हटकून डुलकी घ्यायचा. त्यास आणून काय मिळविले, असे आमच्यातच काहींस वाटले होते. पंचगंगेस महापूर आला त्या २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पाण्याने वेढलेल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांस काढावयास जे तरुण धावले, त्यांत तो होता. शिबिरामुळेच तो धावला असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अहंकाराचे होईल, आणि त्या पुरात कोल्हापुरातील सर्व धर्मांची तरुण मुले धावलीच होती. परंतु कोणाच्या घरी म्हातारी एकटी असते, हे त्यास ठाऊक होते. आणि ते कसे ठाऊक, असे विचारता तो म्हणाला, ''कॅम्पात असताना त्यांच्या घरी डबा न्यायची पाळी माझी असायची.''

म्हणून पालकहो, शिबिराकडे आपण परीक्षेच्या निकालासारखे पाहू नका. आणि कार्यकर्तेहो, आपणही हातांची संख्या लिहिण्यास उतावीळ होऊ नका. मुलांबरोबर राहा, त्यांच्याबरोबर जेवा, त्यांच्याबरोबर गुडघे टेका; आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्यांस विसरू नका, कारण खरे शिबिर तेव्हाच सुरू होते.

ज्यांनी प्रश्न विचारला, त्या गृहस्थांनी मुलास पूर्ण पंधरा दिवस पाठविले नाही. शिकवणीच्या वर्गातून आठ दिवसांची रजा मिळाली, तेवढे आठ दिवस तो आला. आम्ही त्यातच संतोष मानला. नवव्या दिवशी सकाळी वर्गास जाताना तो सायकल थांबवून फाटकाशी उभा होता, मिस्साचे गीत संपेपर्यंत.

ज्या दयाळू प्रभूने इतकी वर्षे ह्या धर्मग्रामास सांभाळिले, त्यानेच आमच्या मुलांसही सांभाळावे, आणि पुढील ज्युबिली साजरी करावयास जी पिढी येथे उभी राहील, तिच्यात आजच्या सतरंजीवर बसलेली ही मुले असावीत, एवढीच त्याच्या चरणी आमची नम्र विनंती आहे.